मोठ्याने सांगायचे मत: ब्रिटनमधील 1868 ची निवडणूक

1868 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधील एखाद्या गिरणीगावात मत द्यायला आलेला कामगार लाकडी मांडवात शिरे आणि मेजामागे बसलेल्या कारकुनाला आपले नाव व पत्ता सांगे. कारकून यादीत नाव शोधी, ते सापडले की मत कोणाला, असे विचारी, कामगार उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारी आणि कारकून वहीत त्या उमेदवाराच्या रकान्यात खूण करी. शेजारीच उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या याद्या घेऊन बसलेले असत. तेही त्या नावापुढे खूण करून घेत. बाहेर गर्दी उभी असे, आणि कोण किती मतांनी पुढे आहे याचे आकडे दिवसभर तिला कळत असत. दुपारी चार वाजता मतदान संपे. पुढे अनेक गावांत कोणत्या मतदाराने कोणाला मत दिले याची नावनिशीवार पुस्तिका छापली जाई आणि ती कोणालाही विकत घेता येई, गिरणीमालकाला, घरमालकाला आणि पाद्र्यालाही.

त्या दिवशी मांडवात शिरलेल्या लाखो जणांची ती पहिलीच खेप होती. 1867 च्या सुधारणा कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील मतदारांची संख्या सुमारे 10 लाखांवरून 20 लाखांच्या घरात नेली, आणि या नव्या मतदारांपैकी बहुसंख्य शहरांतील कामगार होते. मताधिकार कधी मिळाला याची तारीख आपण लक्षात ठेवतो, मत कसे द्यायचे होते हे मात्र सहसा विसरतो. ब्रिटनमध्ये शहरी कामगाराच्या हाती मत आले 1867 मध्ये आणि ते गुप्तपणे देण्याची सोय झाली 1872 मध्ये. मधल्या पाच वर्षांत माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीही सुटल्या. 1868 ची निवडणूक या पाच वर्षांत आली, म्हणूनच ती बारकाईने समजून घ्यायला हवी.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. 1832 पूर्वी ब्रिटनच्या संसदेत मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांसारख्या वाढत्या शहरांना स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता, तर ओल्ड सेरम या जवळजवळ निर्मनुष्य टेकडीचे दोन प्रतिनिधी निवडले जात. 1832 च्या पहिल्या सुधारणा कायद्याने अशा अनेक जागा रद्द केल्या, नव्या शहरांना प्रतिनिधित्व दिले आणि शहरांत वर्षाला किमान 10 पौंड भाड्याच्या योग्यतेचे घर किंवा दुकान असलेल्या पुरुषाला मत दिले. 10 पौंडांची ही रेघ दुकानदार आणि कारकून यांच्या खालून आणि बहुतेक कामगारांच्या वरून जात होती. त्या कायद्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण पाच प्रौढ पुरुषांपैकी एकाला मत होते. ज्या कामगारांनी सुधारणांसाठी सभा गाजवल्या ते बाहेरच राहिले, आणि त्यांच्याच संतापातून 1838 मध्ये चार्टिस्ट चळवळ उभी राहिली. तिच्या सहा मागण्यांत प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत ही एक होती आणि गुप्त मतदान ही दुसरी. या दोन्ही मागण्या एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत हे त्या कामगारांना तेव्हाच कळले होते. संसदेने त्यांचे 1839, 1842 आणि 1848 चे अर्ज बाजूला सारले.

1860 च्या दशकात वारे फिरले, आणि त्यात एका दूरच्या युद्धाचा मोठा वाटा होता. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध चालले, दक्षिणेतील कापूस येईनासा झाला आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या बंद पडल्या. याच काळात मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव गगनाला भिडले, खानदेश आणि वऱ्हाडातील कपाशीला अचानक सोन्याची किंमत आली, त्या पैशातून मुंबईत कंपन्यांचे आणि शेअरांचे पेव फुटले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. लँकेशायरचा कामगार त्याच युद्धाच्या दुसऱ्या टोकाला उपाशी बसला होता. त्या उपासमारीतही कामगारांनी दाखवलेला संयम लिबरल पक्षाचे नेते विल्यम ग्लॅडस्टन यांनी संसदेत पुरावा म्हणून मांडला: इतकी जबाबदारी ज्याला कळते त्या माणसाला मत नाकारण्याला नैतिक आधार काय? दक्षिण आशियातील आणि अमेरिकेतील कापसाचा इतिहास असा ब्रिटनच्या मतदारयादीपर्यंत येऊन पोहोचतो.

1866 मध्ये लिबरल सरकारने माफक सुधारणेचे विधेयक आणले. त्याच पक्षातील रॉबर्ट लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हाणून पाडले, सरकार गेले आणि अल्पमतातील हुजूर पक्षाकडे सत्ता आली. त्या जुलैमध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये सभेला बंदी झाली तेव्हा जमावाने उद्यानाचे लोखंडी कुंपणच उखडले. पंतप्रधान लॉर्ड डर्बी आणि कॉमन्स सभागृहातील त्यांचे नेते बेंजामिन डिझरायली यांच्या लक्षात आले की हा प्रश्न आता टाळता येणार नाही, मग तो आपणच सोडवलेला बरा. विधेयक सभागृहात जसजसे पुढे सरकले तसतशी त्यातील बंधने एकेक करून गळत गेली, आणि ऑगस्ट 1867 मध्ये संमत झालेला कायदा ज्यांनी आणला त्यांच्या मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक व्यापक निघाला. डर्बी यांनी स्वतःच त्याला अंधारात मारलेली उडी म्हटले.

ही व्यापकता कशी आली हे समजायला घरपट्टीचा प्रश्न पाहावा लागतो. तो रुक्ष वाटतो, पण सारे मर्म तिथेच आहे. नव्या कायद्यानुसार शहरात घर घेऊन राहणाऱ्या, वर्षभर तिथेच वास्तव्य असलेल्या आणि स्थानिक कर स्वतः भरणाऱ्या पुरुषाला मत मिळणार होते. भाड्याची किमान रक्कम नव्हती. मात्र गरीब वस्त्यांत कर भाडेकरू भरतच नसे. तो भाड्यातच मिसळलेला असे, घरमालक सगळ्या खोल्यांचा कर एकरकमी भरून त्यावर सवलत मिळवी आणि कराच्या वहीत नाव लागे ते मालकाचे. म्हणजे कायद्याने एका हाताने दिलेले मत या व्यवस्थेने दुसऱ्या हाताने काढून घेतले असते. न्यूअर्कचे सदस्य ग्रॉसव्हेनर हॉजकिन्सन यांनी ही एकरकमी पद्धतच बंद करावी अशी दुरुस्ती सुचवली, डिझरायली यांनी ती मान्य केली आणि लाखो भाडेकरूंची नावे यादीत आली.

कागदावर हा मोठा विजय होता, घरात मात्र त्याची किंमत मोजावी लागली. कर आता भाडेकरूने वेगळा भरायचा होता, पण मालकांनी त्या प्रमाणात भाडे उतरवले नाही, आणि ज्या घरी आठवड्याचा पगार आठवड्यातच संपे तिथे तिमाही कराची रक्कम एकदम कुठून काढायची? थकबाकीपोटी समन्स निघाले, सामान जप्त झाले. मताचा हक्क मिळालेल्या कुटुंबाला त्या हक्काची पहिली ओळख जप्तीच्या कागदातून झाली, याचे मला फार वाईट वाटते. 1869 मध्ये संसदेने जुनी एकरकमी पद्धत पुन्हा सुरू केली आणि भाडेकरूचे मत मात्र कायम ठेवले. हेच आधी सुचायला हवे होते.

कोणाला काय मिळाले ते थोडक्यात असे. शहरांतील घरधारक पुरुष मतदार झाले, वर्षाला 10 पौंड भाडे देणारा स्वतंत्र खोलीतील भाडेकरूही झाला. ग्रामीण मतदारसंघांत, ज्यांना काउंटी म्हणत, अट 12 पौंडांची राहिली, त्यामुळे शेतमजूर बाहेरच राहिला आणि त्याला आणखी 17 वर्षे थांबावे लागले. शहराच्या हद्दीबाहेर राहणारा खाणकामगारही पुष्कळदा याच कारणाने वगळला गेला. स्कॉटलंड आणि आयर्लंडसाठी 1868 मध्ये वेगळे कायदे झाले; आयर्लंडमधला बदल अगदीच कोता होता. एकूण इंग्लंड आणि वेल्समध्ये आता तीन प्रौढ पुरुषांपैकी साधारण एक जण मतदार होता.

स्त्रिया कायद्यात नव्हत्या. मे 1867 मध्ये विचारवंत आणि संसद सदस्य जॉन स्टुअर्ट मिल यांनी विधेयकातील पुरुष या शब्दाच्या जागी व्यक्ती हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तिला 73 मते मिळाली आणि विरोधात 196 पडली. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत लिली मॅक्सवेल या बाईंचे नाव चुकून यादीत राहिले. चिनी मातीच्या भांड्यांचे छोटे दुकान चालवणाऱ्या, स्वतः कर भरणाऱ्या या बाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या लिडिया बेकर यांच्यासोबत मतदान केंद्रावर गेल्या आणि त्यांनी लिबरल उमेदवार जेकब ब्राइट यांचे नाव सर्वांसमक्ष उच्चारले. जमलेल्या लोकांनी त्यांचा जयजयकार केला. मत उघडपणे द्यावे लागे म्हणूनच हा क्षण साऱ्यांना ऐकू आला, ही त्या पद्धतीची एकमेव चांगली बाजू म्हणावी लागेल. त्यानंतर मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी यादीत नाव घालण्याची मागणी केली, पण नोव्हेंबर 1868 मध्ये, म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, न्यायालयाने ती फेटाळली.

आता प्रत्यक्ष निवडणूक. फेब्रुवारी 1868 मध्ये डर्बी यांनी प्रकृतीमुळे राजीनामा दिला आणि डिझरायली पंतप्रधान झाले. फुटलेल्या लिबरल पक्षाला एकत्र आणील असा मुद्दा ग्लॅडस्टन शोधत होते आणि तो त्यांना आयर्लंडमध्ये सापडला. आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक होती, पण तिथले अधिकृत चर्च प्रोटेस्टंट अँग्लिकन होते आणि त्याच्या खर्चाचा भार ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता अशा लोकांवर पडे. या चर्चचा सरकारी दर्जा काढून घ्यावा हा ग्लॅडस्टन यांचा ठराव कॉमन्समध्ये संमत झाला. नव्या मतदारयाद्या तयार होईपर्यंत डिझरायली सत्तेत राहिले आणि नोव्हेंबरमध्ये संसद विसर्जित झाली. एकाच दिवशी सगळीकडे मतदान होण्याची पद्धत तेव्हा नव्हती. 17 नोव्हेंबरपासून 7 डिसेंबरपर्यंत वेगवेगळ्या मतदारसंघांत वेगवेगळ्या दिवशी मतदान झाले, त्यामुळे आधीचे निकाल ऐकून नंतरचे मतदार मत देत होते. एकूण 658 जागांपैकी दोनशेहून अधिक ठिकाणी निवडणूक बिनविरोध झाली, कारण तिथल्या जमीनदारांनी किंवा पक्षांच्या पुढाऱ्यांनी आपसांत वाटणी करून घेतली होती. अशा ठिकाणच्या नव्या मतदाराला पहिल्या निवडणुकीत मत देताच आले नाही.

निवडणुकीचा पहिला दिवस उमेदवारी जाहीर करण्याचा असे. गावातील चौकात लाकडी व्यासपीठ बांधले जाई, उमेदवारांची नावे सुचवली जात, भाषणे होत आणि मग अधिकारी जमावाला हात वर करायला सांगे. या जमावात मताधिकार असलेले, नसलेले, बायका, मुले असे सारे असत, आणि हात कोणीही वर करू शके. हरलेल्या बाजूने मागणी केली की मग खरे मतदान ठरे. हे व्यासपीठ बांधण्याचा आणि निवडणूक अधिकाऱ्याचा खर्च उमेदवारांच्याच माथी पडे, आणि निवडून आल्यावर पगार मिळत नसे. तो 1911 मध्ये सुरू झाला. कामगारांची मते वाढली तरी कामगारांचे उमेदवार का जिंकले नाहीत, याचे निम्मे उत्तर या खर्चात आहे. जॉर्ज हॉवेल, विल्यम क्रीमर यांसारखे कामगार पुढारी 1868 मध्ये उभे राहिले आणि सगळे पडले. जुने चार्टिस्ट अर्नेस्ट जोन्स मँचेस्टरमध्ये पडले. सुधारणांसाठी लढलेल्या रिफॉर्म लीगच्या नेत्यांनी लिबरल पक्षाकडून पैसे घेऊन त्याच पक्षाच्या उमेदवारांसाठी काम करण्याचा गुप्त करारही केला होता, आणि तो करार माझ्या मते त्या चळवळीची सर्वांत दुःखद बाजू आहे.

निकालाचे एकूण चित्र लिबरल पक्षाला अनुकूल होते. त्याला सुमारे 387 जागा मिळाल्या आणि हुजूर पक्षाला 271. स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी ग्लॅडस्टन यांच्या पदरात भरभरून दान टाकले. लँकेशायरने मात्र त्यांना नाकारले. ज्या कामगारांच्या संयमाचा दाखला देऊन ग्लॅडस्टन यांनी मताधिकाराची बाजू मांडली त्यांच्याच प्रदेशात त्यांचा पक्ष आपटला, आणि ते स्वतः नैऋत्य लँकेशायरच्या ग्रामीण मतदारसंघात पडले. लंडनजवळच्या ग्रिनिचने त्यांना निवडून दिले म्हणून ते सभागृहात पोहोचले. लँकेशायरच्या या कौलाची कारणे गुंतागुंतीची आहेत. आयर्लंडमधील दुष्काळानंतर तिथे मोठ्या संख्येने आयरिश स्थलांतरित आले होते, मजुरीच्या स्पर्धेतून कटुता वाढली होती आणि कॅथलिकविरोधी सभांतून दंगली झाल्या होत्या. अशा वेळी आयरिश चर्चचा मुद्दा लिबरल पक्षाच्या अंगाशी आला.

दुसरे कारण गिरणीच्या दारातच होते. ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावात हुजूर पक्षाचे दोन्ही उमेदवार, विल्यम हॉर्नबी आणि जोसेफ फील्डन, निवडून आले. पैकी हॉर्नबी हे मोठे गिरणीमालक. सार्वत्रिक निवडणुकीच्या थोडे आधी, त्याच नोव्हेंबरमध्ये, तिथे नगरपालिकेची निवडणूक झाली होती आणि लिबरल पक्षाकडे झुकलेल्या कामगारांना गिरण्यांतून काढून टाकण्यात आले होते. संसदेच्या मतदानाला जाताना ते उदाहरण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होते. कोणाला धमकीचा शब्द बोलण्याचीही गरज उरली नव्हती. यादीत नोंद होणार आणि उद्या मुकादमाच्या कानावर जाणार, एवढे पुरेसे होते. या निकालाविरुद्ध अर्ज झाला आणि 1869 मध्ये न्यायाधीशांनी दबावाच्या कारणावरून निवडणूक रद्द केली. मग पोटनिवडणूक झाली, तिच्यात हॉर्नबी आणि फील्डन या दोघांचे मुलगे उभे राहिले आणि दोघेही निवडून आले. म्हणून केवळ भीतीने सारे घडले असे म्हणणे अपुरे ठरते. गिरणी म्हणजे रोजगार, घर, शाळा, सहल आणि शेजार असे सगळे एकत्र असलेल्या गावात मालकाच्या बाजूने उभे राहण्यात कित्येकांना खरोखरीचा अभिमान वाटत असे. पण अभिमान कुठे संपला आणि भीती कुठे सुरू झाली हे उघड मतदानात कोणालाच, कदाचित त्या मतदारालाही, सांगता येत नव्हते.

याच्या अगदी उलट गोष्ट दक्षिण वेल्समधील मर्थिर टिडफिल या लोखंड आणि कोळशाच्या गावाची आहे. तिथे मतदारांची संख्या जवळपास 1,400 होती, ती एकदम साडेचौदा हजारांवर गेली, म्हणजे दहा पटींहून अधिक. जागाही एकाच्या दोन झाल्या. हेन्री ऑस्टिन ब्रूस 1852 पासून तिथले प्रतिनिधी होते, लिबरल पक्षाचे वजनदार गृहस्थ आणि डाउलेस लोखंड कारखान्याचे विश्वस्त. दुसरे उमेदवार रिचर्ड फॉदरगिल हे स्वतः कारखानदार. तिसरे हेन्री रिचर्ड, पूर्वीचे धर्मोपदेशक आणि शांतता चळवळीचे चिटणीस. वेल्सची बहुसंख्य जनता वेल्श बोलणारी आणि अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रार्थनामंदिरांत जाणारी होती, पण तिचे प्रतिनिधी आजवर इंग्रजी बोलणारे जमीनदार आणि त्यांचे आप्त असत. रिचर्ड यांनी नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले. शिवाय खाणींत दोन पाळ्यांत काम सुरू करण्याच्या मालकांच्या योजनेला ब्रूस यांचा पाठिंबा आहे असे खाणकामगार मानत होते, आणि त्या योजनेत त्यांना आपली मजुरी आणि जीव दोन्ही धोक्यात दिसत होते.

प्रत्येक मतदाराला दोन मते होती. रिचर्ड यांना साडेअकरा हजारांहून अधिक मते मिळाली, फॉदरगिल दुसरे आले आणि ब्रूस पडले. जे मतदार 1865 मध्ये यादीतच नव्हते त्यांनी एका होऊ घातलेल्या मंत्र्याला घरी पाठवले. तरीही ब्रूस गृहमंत्री झाले आणि पुढे स्कॉटलंडमधील एका मतदारसंघातून सभागृहात आले. मर्थिरच्या कामगारांनीही आपले मत मोठ्याने सांगितले होते, मग ते कसे घाबरले नाहीत? एक तर त्यांची संख्या इतकी होती की सगळ्यांना कामावरून काढले असते तर भट्ट्याच थंडावल्या असत्या. दुसरे असे की उघड मताचा दाब तिथे उलट दिशेने पडत होता. प्रार्थनामंदिरातील बांधव, शेजारी आणि खाणीतले सोबती मांडवाबाहेर उभे असत, आणि कामगारांच्या गिऱ्हाइकीवर जगणाऱ्या दुकानदाराला आपण कोणाचे नाव घेतो याचा शंभरदा विचार करावा लागे. हा दाब मालकाच्या दाबापेक्षा मला जवळचा वाटतो हे खरे, पण तोही दाबच होता.

ग्रामीण वेल्समध्ये संख्येचे हे संरक्षण नव्हते. तिथला शेतकरी वर्षाच्या कराराने जमीन कसणारे कूळ होता आणि जमीनदाराच्या नोटिशीवर त्याला शेत आणि घर दोन्ही सोडावे लागे. कार्डिगनशर आणि कार्मार्थनशर या काउंट्यांत कित्येक कुळांनी 1868 मध्ये जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध लिबरल उमेदवाराचे नाव घेतले. निवडणुकीनंतर त्यांतील अनेकांच्या हाती जमीन सोडण्याच्या नोटिसा पडल्या. ज्यांच्या वाडवडिलांनी ती शेते कसली त्यांना एका शब्दासाठी, तोही कायद्याने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरादाखल उच्चारलेल्या शब्दासाठी, बाहेर पडावे लागले. हाकललेल्या कुळांसाठी वर्गणी गोळा झाली आणि 1869 मध्ये मर्थिरचे नवे प्रतिनिधी हेन्री रिचर्ड यांनी हा प्रश्न कॉमन्समध्ये उभा केला. कामगारांच्या मतांवर निवडून आलेला माणूस शेतकऱ्यांच्या मतासाठी उभा राहिला, ही त्या निवडणुकीची सर्वांत मोलाची मिळकत मी मानतो.

गुप्त मतदानाला विरोध करणारे सगळेच स्वार्थी होते असे नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारखा स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता उघड मतदानाच्या बाजूने होता. पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत भारताच्या कारभाराचे खलिते लिहिलेल्या या विचारवंताचे म्हणणे असे की मत ही खासगी मालमत्ता नसून समाजाने सोपवलेली ठेव आहे, आणि ज्यांना मत नाही त्यांना ती ठेव कशी वापरली जाते हे पाहण्याचा हक्क आहे. मतदार थोडे असताना या युक्तिवादात तथ्य होते. पण लाखो मतदार असे झाले की ज्यांची भाकरी दुसऱ्याच्या हाती होती, तेव्हा तोच युक्तिवाद दुबळ्याला उघडे पाडू लागला. मिल स्वतः 1868 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघात पडले आणि तिथे रेल्वे स्थानकांवरील पुस्तकविक्रीतून मोठे झालेले विल्यम हेन्री स्मिथ निवडून आले.

लाचलुचपतीचीही कमतरता नव्हती. बेव्हर्ली या यॉर्कशरमधील छोट्या गावात मते इतक्या उघडपणे विकली गेली की चौकशीनंतर 1870 मध्ये त्याचे प्रतिनिधित्वच काढून घेण्यात आले. यात एक सुधारणा मात्र नोंदवायला हवी. पूर्वी निवडणुकीविरुद्धचे अर्ज कॉमन्स सभागृहाच्याच समित्या ऐकत. 1868 च्या कायद्याने ते काम न्यायाधीशांकडे गेले, आणि ब्लॅकबर्नचा निकाल त्यामुळेच शक्य झाला. आज महाराष्ट्रातील एखाद्या आमदाराच्या निवडीला उच्च न्यायालयात आव्हान दिले जाते तेव्हा त्यामागे हेच तत्त्व असते. 1867 च्या कायद्याचे अधिकृत नावही आपल्या ओळखीचे आहे: लोकप्रतिनिधित्व कायदा. भारताने 1950 आणि 1951 च्या आपल्या निवडणूक कायद्यांना तेच नाव दिले.

भारतातून पाहिले तर या साऱ्या मतदानाचा आणखी एक अर्थ होता. ज्या संसदेसाठी ब्लॅकबर्नचा विणकर मत देत होता तीच भारतावर राज्य करत होती, आणि इथल्या कोणालाही तिच्यासाठी मत नव्हते. डिझरायली यांनी जाता जाता लॉर्ड मेयो यांना व्हाइसरॉय नेमले. ग्लॅडस्टन यांनी ती नेमणूक तशीच ठेवली. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवलेले दादाभाई नौरोजी त्या काळात लंडनमध्ये होते, त्यांनी 1866 मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली होती आणि भारताची बाजू ते ब्रिटिशांपुढे मांडत होते.

ग्लॅडस्टन सरकारने वेल्समधील नोटिसांनंतर निवडणूक पद्धतीची चौकशी करायला समिती नेमली. स्वतः ग्लॅडस्टन बराच काळ उघड मतदानाच्या बाजूचे होते, पण पुराव्यापुढे त्यांनी मत बदलले. 1871 चे विधेयक लॉर्ड्स सभागृहाने फेटाळले, ते पुन्हा आणले गेले आणि जुलै 1872 मध्ये कायदा झाला. आता छापील मतपत्रिका, एकांतात करायची फुली आणि कुलूपबंद पेटी आली. चौकातील हात वर करण्याचा सोहळा संपला, उमेदवारी अर्ज कागदावर आला.

पहिली कसोटी 15 ऑगस्ट 1872 ला यॉर्कशरमधील पाँटिफ्रॅक्ट गावी झाली. ह्यू चिल्डर्स यांना मंत्रिपद मिळाल्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार पुन्हा निवडून येणे भाग होते. पाँटिफ्रॅक्ट ज्येष्ठमधाच्या काळ्या, चपट्या वड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मतपेटीवर लाख ओतून ती बंद केली तेव्हा शिक्का उमटवायला त्या वड्यांवर छाप उठवणाऱ्या कारखान्याचाच ठसा वापरला गेला. ती लाकडी पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे आणि तिच्यावर ती लाख दिसते. त्या दिवशी गावात नेहमीचा गोंगाट नव्हता. कोण पुढे आहे हेच कोणाला ठाऊक नसल्यामुळे आरडाओरडा करायला निमित्तच उरले नव्हते.

1874 ची सार्वत्रिक निवडणूक याच पद्धतीने झाली. ग्लॅडस्टन हरले, आयर्लंडमधून स्वराज्याची मागणी करणारे सुमारे 60 प्रतिनिधी निवडून आले, आणि अलेक्झांडर मॅकडोनल्ड व टॉमस बर्ट हे दोन खाणकामगार प्रथमच संसदेत जाऊन बसले. 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघाने दादाभाई नौरोजींना अवघ्या पाच मतांनी निवडून दिले. एका भारतीयाच्या नावापुढे फुली करणारे ते लंडनचे मतदार कोण होते, हे सांगणारी छापील पुस्तिका त्यांच्या मालकांना कोणत्याही दुकानात मिळाली नाही.